तळहाताएवढी जागा

गाडीला आतून अस्तर लावून घ्यायचं, यात भिण्यासारखं काय आहे? काहीच नाही. सोफ्याला कापड लावतात, गादीला खोळ घालतात, तसंच हे. त्या सकाळी घड्याळजी घरातून निघाले तेव्हा त्यांच्या मनातही दुसरं काही नव्हतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यामुळे सगळी गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणायची. खरं नाव फक्त बायकोला ठाऊक, आणि तीही ‘अहो’ म्हणूनच हाक मारायची.

हा सगळा खटाटोप चालला होता तिच्यासाठी. तीन महिन्यांपूर्वी तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. पुढे किरणांच्या वीस बैठका सांगितल्या होत्या. मोठं हॉस्पिटल अडीच तासांवर. आठ बैठका झाल्या होत्या, बारा उरल्या होत्या. ऑपरेशनपासून तिला आवाज म्हणून सोसत नव्हता. घरातली सगळी घड्याळं त्यांनी तिच्यासाठी बंद करून ठेवली होती. पण गाडीचं काय करणार? जुनी गाडी, पातळ पत्रा. रस्त्यावरचा खडा उडून तळाला लागला की ती दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरायची. वर ऊन. हॉस्पिटल येईपर्यंत तिचा पार चोथा झालेला असायचा.

आठव्या खेपेहून परत आल्यावर ती पलंगावर पडून म्हणाली, "अहो, मला मरायचं ते घरात मरू द्या. तुमच्या त्या डब्यात नको."

हसत म्हणाली होती ती, पण पुढच्या खेपेला येणार नाही, हे त्या हसण्यात पक्कं होतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही बैठक चुकवायची नाही. म्हणजे गाडी गप्प झाली तर बायको राहणार, नाहीतर नाही, इतकं सरळ गणित होतं.

तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दाराच्या फटीत सापडलेली. शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं. घड्याळजी म्हणायचे, "चार बोटं सुखाने नांदतायत, ही एकटी रुसून माहेरी निघालीय." ती म्हणायची, "तिला बिचारीला माहेर आहे, मला तुमच्या घड्याळांतून सवड कुठे?" त्या संध्याकाळी ते ती करंगळी हातात धरून बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांना अस्तर लावणाऱ्या कानसेनाकडे गेले.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गाडीच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून कुठे काय सैल आहे हे तो डोळे मिटून सांगायचा, म्हणून पडलेलं. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. गाडी आवारात शिरली तसा तो पुढे आला आणि काही विचारायच्या आधी त्याने छतावर दोनदा ठोकलं. मग कान देऊन उभा राहिला. घड्याळजींना वाटलं, सवय असेल.

आत फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे मांडलेले होते. एकाला आतून काही नाही, एकाला डांबराचा काळा तक्ता, एकाला चिकट रबराचा चंदेरी तक्ता, आणि एकाला रबर अन् त्यावर जाड फोम.

"ठोकून बघा," कानसेन म्हणाला.

पहिला डबा ठणठणला. दुसरा खोकला. तिसऱ्यातून ‘ठप’ एवढंच आलं. चौथा तर मुकाच. मग त्याने डब्यांखाली एक एक दिवा पेटता ठेवला आणि थोड्या वेळाने वर हात ठेवायला लावला. डांबराचा डबा तापला आणि वास मारायला लागला. चौथा तेवढा कोमट होता.

"मला आवाजही नको, उष्माही नको, वास तर मुळीच नको. आणि गाडी जड व्हायला नको," घड्याळजी म्हणाले.

"आखूडशिंगी, बहुदुधी," कानसेन म्हणाला. "तसली अजून बाजारात यायचीय काका. पण चौथं लावू. आणि काचांना ऊन परतवणारी फिल्म. काकूंना झोप लागेल."

दोन दिवस घड्याळजी तिथेच स्टुलावर बसून होते. हाताने काम करणाऱ्याला दुसऱ्याचं काम बघायला आवडतं. सीटा निघाल्या, दारांच्या आतल्या पाट्या निघाल्या, छताचं कापड उतरलं. पत्रा पुसून कोरडा केला. कानसेन तक्ता कापायचा, चिकट बाजूवरचा कागद सोलायचा, बसवायचा आणि रोलर फिरवत राहायचा. दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती त्याने मोकळी ठेवली. ते घड्याळजींना पटलं. पण छतावर, मागच्या डाव्या सीटच्या बरोबर वर, तळहाताएवढी जागा त्याने कोरीच सोडली.

"ही राहिली," घड्याळजींनी दाखवलं.

"राहिली नाही. सोडलीय. प्रत्येक गाडीत सोडतो."

"का बरं?"

"आधी परीक्षा घेऊ. मग सांगतो."

परीक्षेची त्याची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाने आत बसायचं, काचा वर, दारं बंद. तो बाहेरून आठ ठिकाणी ठोकत फिरणार. आतल्याने त्या कोऱ्या जागेवर ठोकून उत्तर द्यायचं. एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन ठोके म्हणजे दार उघडा.

घड्याळजी मागे डाव्या बाजूला बसले. दार लागलं आणि जग संपलं. चालू मोटारी, हातोडे, पलीकडच्या करवतीचा आवाज, सगळं कुणीतरी फडक्याने पुसून टाकावं तसं गेलं. स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. मग मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक. मग कानातून वाहणारं रक्त. बाहेर कानसेन काचेपाशी आला. वाकला. पण फिल्ममुळे त्याला आतलं दिसत नव्हतं, काचेत तो स्वतःकडेच बघत होता. घड्याळजींनी हात हलवला. कानसेनाने शांतपणे स्वतःच्या भुवईवरचा घाम पुसला आणि पुढे गेला. दाराच्या आतल्या हँडलच्या सळ्या अजून जोडलेल्या नव्हत्या, दार आतून उघडणार नव्हतं. ते त्यांना तेव्हा आठवलं. पहिला ठोका आला का? आला असेल. फार लांबून काहीतरी हललं. दुसरा... तिसरा... उष्म्याने कॉलर ओली झाली होती. पाचव्याला त्यांचा धीर सुटला. त्यांनी हात वर करून छतावर दोनदा ठोकलं.

दार तत्काळ उघडलं.

"आता कळलं, का सोडतो?" कानसेनाने विचारलं.

घड्याळजींनी पाणी मागितलं. कानसेनाने तांब्या दिला आणि रोलर पुसत पुसत सांगायला लागला.

"मी उस्तादांच्या हाताखाली होतो तेव्हा ही जागा नव्हती. सगळं पॅक करायचो. एकदा अशीच परीक्षा. उस्ताद आत, मी बाहेर. भर दुपार. मी आठ ठिकाणी ठोकलं. आतून उत्तर ऐकू येईना."

"मग?"

"मला आनंद झाला काका. उत्तर ऐकू येत नाही म्हणजे काम चोख. म्हटलं, उस्ताद खूश होऊन आत पडले असतील. मी जेवायला गेलो."

घड्याळजींचा तांब्या तसाच राहिला. "वारले?"

"नाही हो. मी परत येऊन दार उघडलं, तर हसत बाहेर आले. अंगावर घामाचा थेंब नाही. ‘छान झोप झाली’ म्हणाले. पुढे सात वर्षं कामावर आले." त्याने रोलर खाली ठेवला. "पण त्या दिवसानंतर मला एकदाही ओरडले नाहीत. त्याआधी दिवसातून दहादा माझा बाप काढायचे."

"मग बरंच झालं की."

"माझी आईपण हेच म्हणाली," कानसेन म्हणाला. "ती गाडी मालक घेऊन गेला. पुढे कुणाला तरी विकली म्हणे. मी पुष्कळ शोधली. आता तर रंगही बदलला असेल. म्हणून दिसेल त्या गाडीच्या छतावर दोनदा ठोकून बघतो."

घड्याळजींनी मान डोलावली. माणसं एकटी काम करून करून थोडी सरकतात, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. उरलेला तक्त्याचा तुकडा त्यांनी मागून घेतला. कानसेनाने तो दिला, पण देताना म्हणाला, "बुटांच्या फळीला लावा, कुठेही लावा. तेवढी जागा बुजवू नका."

नवव्या खेपेला बायको आली. नुसती आलीच नाही, तर वाटेत झोपलीसुद्धा. आरशात तिचं एका बाजूला कललेलं डोकं बघून घड्याळजींना गाडी थांबवून रडावंसं वाटलं. परतताना ती म्हणाली, "अहो, तुमच्या हातून आयुष्यात एक तरी काम वेळेवर झालं म्हणायचं." मग डोळे मिटून, "फक्त इथे डोक्यावर एक शीळ येते. बारीक. तेवढी नसती तर स्वर्गच."

झालं. ती शीळ त्यांच्या डोक्यात बसली. सगळं घड्याळ जुळवायचं आणि एक काटा मुद्दाम मागे ठेवायचा, हे त्यांच्या हाताला कधी जमलंच नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे इतरांना सांगायला ठीक असतं. दुसऱ्या दिवशी ती घरात झोपलेली असताना त्यांनी अंगणात गाडीचं छताचं कापड मागच्या बाजूने सोडवलं, पत्रा पुसला, तक्त्याचा तुकडा मापात कापला, कागद सोलला आणि बसवला. काचेची बाटली रोलरसारखी फिरवून चांगला दाबला. वर फोम, वर कापड. बायकोला सांगितलं नाही. म्हटलं, तिचं तिलाच कळू दे.

दहाव्या खेपेला तिचा नंबर बराच मागे होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माणसांचा बाजार भरला होता, पोरं रडत होती, चाकांच्या खुर्च्या खडखडत होत्या. ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती. उठवायचं कशाला? झाडाखाली गाडी लावून त्यांनी सवयीने कुलूप घातलं आणि ते नंबर धरायला गेले.

अर्ध्या तासाने एकदा येऊन पाहून गेले. काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. बोटाने हळूच टकटक केलं. काही उत्तर नाही. आणि घड्याळजींना आनंद झाला. झोपलीय म्हणाले, झोपू दे. ते परत बाकावर जाऊन बसले.

नंबर लागायला आणखी सव्वा तास गेला. ते गाडीकडे आले तेव्हा सावली सरकून पलीकडे गेली होती आणि गाडी भर उन्हात होती. छताला हात लागला तो चटकन मागे घेतला. त्यांनी दार उघडलं. आतून तापलेल्या रबराची वाफ अंगावर आली.

बायको ताठ बसलेली होती. हात मांडीवर, पदराखाली. चेहरा कोरडा.

"छान झोप झाली," ती म्हणाली.

ती उतरली आणि त्या गोंगाटातून, कानांना काहीही न बांधता, सरळ चालत गेली. एक पोर तिच्या पायाशी येऊन किंचाळलं, तरी तिच्या कपाळावर आठी पडली नाही. परतताना एका ट्रकने अगदी बाजूला येऊन भोंगा वाजवला. घड्याळजी दचकले. ती काचेबाहेर बघत होती. तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांना खरंच पाणी आलं. गुण आला, त्यांना वाटलं, अखेर गुण आला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "घड्याळं चालू करा की." त्यांनी एकेकाला चावी दिली. एकेचाळीस घड्याळं एकदम बोलायला लागली आणि ती मधोमध खुर्ची घेऊन, हात पदरात गुंडाळून, हसत बसली. पूर्वी ती म्हणायची, "तुमच्या घड्याळांचं एकमेकांशी पटत नाही, माझं तुमच्याशी कसं पटावं?" घड्याळजी त्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमटीत त्यांनी मीठ सांडलं तेव्हा नाही, चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हाही नाही. "असू दे," ती म्हणायची. "छान आहे." तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरातून फेरी मारली. "असू दे," ती म्हणाली.

घर इतकं बिनतक्रारीचं कधीच झालं नव्हतं, आणि त्यांना घशाखाली घास उतरत नव्हता. कानसेनाचे उस्ताद आठवायचे, आणि ते मुद्दाम दुसरं काही आठवायला लागायचे.

अकरावी खेप. रस्ता मोकळा, दोन्हीकडे रिकामी शेतं. आत इतकी शांतता की घड्याळजींना आपलं मनगट ऐकू येत होतं. एक खडा उडून तळाला लागला. पूर्वीच्या मानाने काहीच नाही, नुसता ‘ठप’. आणि त्यावर मागून, छतातून, आलं. एक... दोन...

कापडाआडून आल्यासारखं. अगदी दबलेलं.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"छतात... काहीतरी..."

"काही नाही. चला."

त्यांनी वेग कमी केला. पुन्हा आलं. एक... दोन... मध्ये थोडं थांबून. चाळीस वर्षं ज्याने ठोक्यांवर पोट भरलं, त्याला पत्रा तापून वाजतो कसा आणि हाताने ठोकलेलं वाजतं कसं, हे सांगावं लागत नाही. आरशात बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"घरी गेल्यावर उघडून बघतो," ते म्हणाले.

"नका उघडू," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही ती जागा बुजवलीत ते फार छान केलंत."

त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा वेग वाढवला. हॉस्पिटलात ती बैठकीला गेली, आली, परत गाडीत बसली. जाऊन जाऊन ते जाणार कुठे? मागे ती, वर तो आवाज, आणि काचा बंद. दोन ठोके, थोडा वेळ, पुन्हा दोन ठोके. घर यायच्या आधी तर ते इतके सावकाश झाले होते, की पुढचा येतो की नाही म्हणून घड्याळजी श्वास धरून बसायचे. असह्य होऊन एकदा ते मोठ्याने म्हणाले, "आलो, आलो गं, आलोच." मागची बाई काचेबाहेर बघत राहिली.

घरी पोचले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. ती उतरून आत गेली. घड्याळजींनी गाडीची चारही दारं सताड उघडी टाकली. खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागच्या सीटवर गुडघे टेकले आणि छताचं कापड ओढून खाली आणलं. फोम फाडला. तक्त्याची कड उचकटली. रबर तापून मऊ झालं होतं, तार धरून सुटत होतं. नखं मोडली, तरी ते ओढत राहिले. शेवटी तुकडा हातात आला.

त्यांनी तो उलटा केला. जी चिकट बाजू पत्र्याला घट्ट बसलेली होती, जिथे कागदही सरकवता आला नसता, त्या बाजूवर एका हाताचा ठसा होता. पाचही बोटं आतून बाहेर ढकलावीत तशी रुतलेली. लहानसा हात. करंगळीचं शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं.

"अहो," दारातून हाक आली. "चहा ठेवलाय."

त्यांनी मान वर केली. ती उंबऱ्यात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने उजवा हात पदराबाहेर काढून चौकटीवर टेकवला होता. उन्हात पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. पाचही सरळ.

घड्याळजींनी त्या उघड्या, कोऱ्या पत्र्यावर पेराने एकदा ठोकलं. आणि कान दिला. घरातली घड्याळं वाजत होती. बाकी काही नाही.

मग त्यांच्या अगदी शेजारून, रिकाम्या सीटवरून, डोक्यावरच्या त्याच जागेवर उत्तर आलं. इतकं हळू की दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आलं नसतं.

एक... दोन...

दार उघडा.

घड्याळजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चारही दारं उघडीच होती.